गुरुजींच्या गाडीचं डावं चाक

पुंडलिकभाऊ मिस्त्री कोणत्याही गाडीला हात लावायच्या आधी तिच्या मागे वीस पावलं जाऊन उभे राहायचे. एक डोळा मिटून पाहत राहायचे. गिऱ्हाईक घाईत असे. ते म्हणे, "भाऊ, बिघाड पुढच्या चाकात हाय, तुमी मागं जाऊन काय पाहून राहिले?" तेव्हा मिटलेला डोळा न उघडता ते म्हणायचे, "पुढून सारेच सरळ दिसतात बावा. मानूस वाकडा चालते का नाही, ते मागूनच दिसते."

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची एक लांब शेड. तिच्या एका टोकाला माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, सीटकव्हर शिवायचं दुकान होतं. मालक वारल्यावर मशीन मी चालवायला लागले. मधे भिंत नव्हती. पुंडलिकभाऊंनी स्वतः तार ओढून तिच्यावर एक जुनी चादर टाकून दिली, आणि त्या दिवसापासून चादरीच्या जवळ यायचं झालं की ते आधी खोकायचे. अकरा वर्षं मी त्यांना चादरीच्या फटीतून पाहिलं. बोलणं फार झालं नाही. मला चार माणसांसमोर शब्द फुटत नाही, आणि ते बोलायचे ते बहुतेक गाड्यांशीच.

पुढच्या चाकांची सरळाई, ज्याला सगळे अलायमेंट म्हणतात, ते त्यांचं खास काम. त्यासाठी लांबलांबून लोक यायचे. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. सुतळीचं एक रीळ, पोलादी पट्टी, खडू आणि गवंड्याचा ओळंबा, एवढंच. सुतळी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणायची, पट्टीनं सूतभर फरक मोजायचा. ओळंबा चाकासमोर सोडून चाक वरून बाहेर कललं आहे की आत, ते पाहायचं. पुढची दोन चाकं अगदी सरळ ठेवायची नसतात, त्यांची नाकं किंचित आत पाहिजेत, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. नव्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "नवरा-बायकोवानी समजा. एकमेकाकडं थोडसंक तोंड पायजे. लय झालं तरी टायर खाते, अन् पाठ फिरवली तरी खाते."

एकदा एक जाडजूड शेठ नवी कोरी गाडी घेऊन आले. गाडी उजवीकडे जाते म्हणाले. पुंडलिकभाऊंनी सुतळी लावली, पट्टी लावली, चक्कर मारून आले. मग शेठना गाडीत बसवलं आणि खिडकीतून पाहत राहिले. म्हणाले, "शेठ, मागच्या खिशातला मोबाईल काढा." शेठनी काढला. "आता चालवून पाहा." शेठ चक्कर मारून आले ते ओशाळे होऊन. इतके दिवस एका कुल्ल्यावर बसून गाडी चालवत होते आणि स्टेअरिंगला लटकत होते. शेडमधले सगळे हसले. पुंडलिकभाऊ नाही हसले. "गाडी सरळ हाय," एवढंच बोलले आणि हात पुसले.

त्यांच्या शेडमध्ये एक शब्द बोलायची बंदी होती. आपल्याकडे लोक उठता-बसता म्हणतात, "चालते." तो शब्द. कारण मला मालकांनी सांगितलं होतं. तरुणपणी पुंडलिकभाऊंनी परतवाड्याच्या एका जीपवाल्याला तसंच पाठवलं होतं. पुढच्या दांड्याचा सांधा सैल होता. सवाऱ्या बसल्या होत्या, जीपवाला घाई करत होता. पुंडलिकभाऊ म्हणाले, "चालते, हळू जा." सेमाडोहच्या अलीकडे वळणावर सांधा सुटला. जीप झाडाला अडली म्हणून लोक वाचले, पण एका बाईचा हात कोपरापासून गेला. पुंडलिकभाऊ तिला भेटायला दवाखान्यात गेले होते. काय बोलणं झालं ते कोणालाच माहीत नाही. त्यानंतर गिऱ्हाईक "चालते ना भाऊ?" असं म्हणालं की ते गाडीची किल्ली त्याला न देता परत खिशात टाकायचे.

आणखी एक सांगते, कारण पुढचं त्यावर आहे. परतवाड्याचे एक मिस्त्री एकदा त्यांच्याकडे आले. एका जुन्या गाडीचे पुढचे सगळे रबरी बुश बदलले, तरी गाडी ताठ चालते, एका बाजूला ओढते, म्हणाले. पुंडलिकभाऊंनी विचारलं, "नट कसले तवा गाडी कोठी होती? जमिनीवर का घोडीवर?" गाडी उचलून जिच्यावर टेकवतात त्या लोखंडी तिवईला घोडी म्हणतात.

"घोडीवर," ते मिस्त्री म्हणाले.

पुंडलिकभाऊंनी चादरीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं विचारलं, "कांताबाई, बाहीचं माप हात वर्ते करून घेता का खालते सोडून?"

माझे कान तापले. पुरुष हसायला लागले. पण त्यांनी थट्टा केली नव्हती. ते त्या मिस्त्रीला समजावत होते. गाडी हवेत असली की चाक लोंबतं. चाक धरणारे लोखंडी हात, ज्यांना आर्म म्हणतात, तेही लोंबतात. तेव्हाच नट आवळला तर आतलं रबर त्या लोंबत्या जागीच धरून बसतं. गाडी खाली उतरवली की वजनानं हात वर जातो, रबराला पीळ पडतो आणि ते चाकाला उलटं ढकलत राहतं. म्हणून आधी गाडी तिच्या पायावर उभी करायची, वजन पडू द्यायचं, आणि मग खाली शिरून शेवटचा आवळा द्यायचा. "वजन पडल्याबिगर कसाचं नाही," ते म्हणाले. शिवणकामातलंच उदाहरण होतं, म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात अकोल्याचे एक गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं मऊ. त्यांचे वडील अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे जन्मभर ड्रायव्हर होते. डॉक्टर गेले, वडील गेले, गाडी कडुनिंबाखाली गंजत पडली. डॉक्टरांच्या मुलांनी ती गुरुजींना नेऊ दिली. आता अशी गाडी सिनेमातच दिसते. गोल दिवे, लांब नाक. गुरुजींचे वडील ती दुरुस्तीला पुंडलिकभाऊंकडेच आणायचे, म्हणून गुरुजींनीही ती अकोल्याहून ट्रकवर चढवून इथे आणली.

गुरुजींची आई ऐंशीच्या पुढची. तिची धाकटी बहीण धारणीला अंथरुणाला खिळली होती. आईनं हट्ट धरला होता, जाईन तर त्याच गाडीत. गुरुजी पुंडलिकभाऊंना म्हणाले, "बाबांनी तिला त्या गाडीत एकदाही बसवलं नाही. मालकाची जागा, म्हणायचे. ती मला म्हणते, आता तरी मागं बसू दे."

"घाट हाय गुरुजी," पुंडलिकभाऊ म्हणाले. "जुन्या गाडीचं पुढचं सारं सडलं हाय. आर्म, बुश, स्प्रिंगा, सांधे. सारं नवं बसवा लागन."

"बसवा. फक्त पुढच्या रविवारच्या आत. मावशी फार दिवस काढेल असं वाटत नाही."

मागच्या सीटचं काम माझ्याकडे आलं. सूती कापड लावायचं ठरलं, कारण रेक्झिनवरून आई घसरेल असं गुरुजींना वाटत होतं.

पुंडलिकभाऊ तेव्हा एकटेच काम करत होते. दोघे जुने कारागीर मोठ्या शोरूमला निघून गेले होते. शेडमध्ये पूर्वी गाडीखाली उभं राहायचा खड्डा होता, तो जागामालकानं बुजवून टाकला होता. त्यामुळे गाडीखाली शिरायचं तर चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायची आणि पोतं टाकून पाठीवर सरकत आत जायचं. त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी उजवी बाजू तशी केली. गाडी ठोकळ्यांवर, वजन चाकांवर, आणि ते खाली. मला फटीतून त्यांचे पाय दिसत होते. पान्याचा आवाज थांबला, पण पाय हलले नाहीत. बराच वेळ हलले नाहीत. मग ते कोपरावर वळले, बंपर धरला, सुटला, पुन्हा धरला. तिसऱ्यांदा कसेबसे बाहेर आले आणि चाकाला पाठ लावून बसून राहिले. ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला होता.

मी पाण्याचा तांब्या घेऊन चादरीपर्यंत गेले. तेवढ्यात त्यांनी मान वळवून आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना, असं. मी तशीच मागे सरकले. मशीनवर बसले आणि सुईखाली कापड नसताना मशीन चालवली, म्हणजे त्यांना वाटावं की माझं लक्ष कामात आहे.

दुपारी डावी बाजू. गाडी जॅकनं उचलली, घोडीवर ठेवली, चाक काढलं. ते बुटक्या स्टुलावर बसून काम करत होते. बुश बसवले, आर्म बसवले. आता ते चाक लावून गाडी खाली घेतील म्हणून मी पाहत होते. त्यांनी मोठा पाना घेतला आणि बसल्याजागीच एकेक नट आवळला. शेवटच्या नटाला थांबले. पाना तसाच धरून थोडा वेळ बसले. मग जोर लावला. त्यानंतर चाक चढवलं.

माझा पाय मशीनवर थांबला. मग मला वाटलं, ते मागाहून सैल करून परत आवळतील. त्यांना काय मी सांगायचं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, आणि नियम त्यांचाच.

बुधवारी ते गाडी घेऊन बडनेऱ्याच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर गेले. परत आले. स्टेअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जात होती. त्यांनी हवा तपासली. दोन्ही पुढची चाकं एकमेकांच्या जागी बदलली, कारण दोष टायरात असेल तर ओढ बाजू बदलते. बदलली नाही. परत चक्कर मारून आले आणि दोन्ही चाकांच्या मधल्या लोखंडी तव्यांना तळहात लावून पाहिला. एखादा ब्रेक धरून राहत असेल तर ते चाक जास्त तापतं. दोन्ही सारखीच कोमट होती. ओळंबा सोडला. डावं चाक वरून बाहेर कललं होतं. जमिनीपासून मडगार्डपर्यंत पट्टी लावली. डावी बाजू दोन बोटं उंच होती.

"स्प्रिंग खराब आली," ते गाडीला म्हणाले. दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन्ही सारख्या होत्या. पुन्हा घातल्या. बुशाच्या नटांना त्यांनी हात लावला नाही. तिकडे त्यांचं मनच जात नव्हतं. ते नट आपण रीतीनंच आवळले असणार, असं त्यांचा हातच गृहीत धरून चालला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या हातानं नट रीतीनंच आवळले होते.

गुरुवारी त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. बायपासवर मनोज नावाच्या तिशीतल्या माणसानं कॉम्प्युटरवर चाकं पाहायचं यंत्र आणलं होतं. पुंडलिकभाऊ त्या यंत्राला टीव्ही म्हणायचे. गाडी त्या टीव्हीसमोर नेऊन उभी केली. संध्याकाळी मनोज त्यांच्यासोबत शेडमध्ये आला.

"काका, तीन वेळा लावली अन् तीन आकडे आले," मनोज म्हणाला. "दर चकरेले तुमची गाडी नवाच आकडा सांगते."

"तुहा टीव्ही झूट बोलते."

"बाकीच्या गाड्यायले नाही बोलत."

 त्या रात्री पुंडलिकभाऊंनी डबा उघडला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. भाकरी कापडात तशीच बांधलेली होती.

शुक्रवारी दुपारी गुरुजी अकोल्याहून आले, आणि त्यांच्यासोबत त्यांची आई. घरी थांबायला तयारच नव्हती म्हणाले. गॅरेजात बसायला जागा नव्हती, म्हणून तिला माझ्याकडे आणून बसवलं. एवढीशी बाई, पांढरं लुगडं, मांडीवर पिशवी. शिवून ठेवलेल्या सीटवर तिनं हात फिरवला.

"येच्यावर बसाचं हाय का मले?"

"हो माय," मी म्हटलं.

"बाई, गाडी होईन ना आज?"

मी सीटवरचा सुटा दोरा तोडला. तीच म्हणाली, "मले घाटाचं भेव नाही वाटत. त्यायचा या मिस्त्रीवर लय जीव होता. म्हनत, तो हो म्हनल्याबिगर मी चावी नाही घेत."

चादरीच्या पलीकडे मनोज बोलत होता. "काका, आसं करू. उजव्या बाजूले पत्री टाकून ते चाक बी तेवढंच कलतं करू. दोन्ही सारखे झाले की गाडी सरळ जाईन. पोर्चमधी ठेवाची गाडी हाय, कोन पाह्यते?"

"घाट चढाचा हाय," पुंडलिकभाऊ म्हणाले.

"एक डाव जाईन अन् येईन."

गुरुजी मधे बोलले. "मिस्त्री, मी घाई करत नाही. नसेल होत तर सांगा, मी तिला समजावतो. मावशीला फोनवरच बोलू देऊ."

मी फटीतून पाहत होते. पुंडलिकभाऊंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. चार दिवसांत ते वाकल्यासारखे दिसत होते. त्यांनी मनोजच्या हातातली पत्री, म्हणजे फटीत घालायची पातळ लोखंडी चकती, घेतली, बोटांवर उलटीपालटी केली.

"टाक," ते म्हणाले. "चालन."

अकरा वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. चादर बाजूला करून मी त्यांच्यासमोर उभी होते. तीन पुरुष माझ्याकडे पाहत होते. मी गाडीच्या दिव्याकडे पाहून बोलले.

"भाऊ, डावीकडचे नट मंगळवारी घोडीवर कसले."

 पुंडलिकभाऊंनी पत्री बॉनेटवर ठेवली.

"तुमी पाह्यलं?"

"हो."

"मंगळवारी?"

"हो."

"आज शुक्रवार हाय, कांताबाई."

 ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे अजून थोडा वेळ पाहिलं आणि मग गुरुजींकडे वळले.

"गुरुजी, चूक माही हाय. मशीनीची नाही, रबराची नाही. मले आता खालते शिरता येत नाही. उजवीकडं शिरलो तं निंघता नाही आलं. मनून डावी बाजू वर्तेच कसली. कसतानी मनाले लागलं होतं. मंग इसरलो. नाही, इसरलो नाही. इसराचं होतं मले."

गुरुजींनी चष्मा काढला आणि हातात धरून राहिले. मनोज पायातल्या चपला काढून म्हणाला, "काका, मी शिरतो खाली."

गाडी ठोकळ्यांवर चढवली. मनोज पोत्यावर सरकत आत गेला. पुंडलिकभाऊ स्टुलावर बसले, एक हात डाव्या मडगार्डवर ठेवून. "पह्यले सारे ढिले कर. काढू नोको, ढिले कर."

पहिला नट सुटला, काही झालं नाही. दुसरा सुटला. तिसऱ्याला मनोजनं जोर लावला आणि टक्कन आवाज झाला. गाडीची डावी बाजू आमच्या डोळ्यांदेखत खाली बसली. कोणी हात लावला नव्हता. दोन बोटांचा फरक होता तो गेला.

मनोज खालूनच म्हणाला, "आईच्यान काका, बसली!"

पुंडलिकभाऊंचा हात मडगार्डसोबत खाली गेला होता. तो त्यांनी उचलला नाही. "बंपर धरून हलवा गुरुजी," ते म्हणाले. गुरुजींनी गाडी वरखाली हलवली. "आनखी. हं. आता कस. एकेक. हळू." प्रत्येक नटाला ते थांबायला लावायचे आणि कान देऊन ऐकायचे.

त्यानंतर सुतळी ताणली, ओळंबा सोडला. मनोजच्या यंत्रावर तीन वेळा नेली, तीन वेळा एकच आकडा आला. रिकाम्या रस्त्यावर हात सोडले तर गाडी सरळ गेली. मनोज हे सगळं नाचत सांगत होता. पुंडलिकभाऊंचा चेहरा तसाच ताठ.

"मिस्त्री," गुरुजी म्हणाले, "आईला बसवू की नको, एवढंच मला सांगा."

"आज नाही सांगत."

"परवा निघायचं आहे."

"उद्या सांगतो. तुमी आज तिले घिऊन लॉजवर जा."

शनिवारी त्यांनी मागच्या सीटच्या जागी रेतीची दोन पोती ठेवली. एक आईच्या वजनाचं, एक सोबत जाणार होती त्या सुनेच्या. मनोजला चालवायला बसवलं आणि स्वतः बाजूला बसून परतवाड्याच्या पुढे घाटात गेले. सकाळी सातला निघाले. त्या दिवशी मला एक टीप सरळ घालता आली नाही. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. रस्त्यावर ब्रेक वाजला की मी बाहेर जात होते. जीपमधल्या त्या बाईचा हात माझ्या डोळ्यांसमोर येत होता. मी मंगळवारी बोलले असते तर नट मंगळवारीच सुटले असते. आणि शुक्रवारीही बोलले नसते तर? त्याच्या पुढचं मला मनात आणावंसं वाटत नव्हतं.

साडेचारला गाडी आली. धुळीनं भरलेली. पुंडलिकभाऊ दार धरून उतरले, मागे जाऊन पोती पाहिली, पुढे येऊन दोन्ही चाकांना हात लावला. गुरुजी तिथेच उभे होते.

"बसवा," पुंडलिकभाऊ म्हणाले.

रविवारी सकाळी मी नवी सीट घालून दिली. गुरुजींच्या आईनं आत बसल्यावर पदर सारखा केला आणि समोर, ड्रायव्हरच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे पाहत बसली.  त्या संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. दोघी बहिणी एका खाटेवर बसून भांडत आहेत, म्हणाले, लहानपणी कोणी कोणाची बांगडी फोडली त्यावरून.

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक आलं, पुढच्या चाकाचंच काम घेऊन. पुंडलिकभाऊंनी त्याला सांगितलं, "बायपासवर मनोजकडं जा." त्यानंतरच्या सगळ्यांना तेच सांगितलं. ते ऑइल बदलायचे, ब्रेक साफ करायचे. गाडीच्या मागे जाऊन उभं राहणं त्यांनी सोडून दिलं. माझ्याशी वागणं पहिल्यासारखंच, चादरीपाशी यायच्या आधी खोकायचे. पण त्या शुक्रवारबद्दल एक अक्षर नाही. मी समजले की ते माझ्यावर नाराज आहेत, आणि ते बरोबरच आहे. होळीच्या आधी शेड सोडून ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, "येतो, कांताबाई." बस.

मागच्या दिवाळीनंतर मी माझ्या भाचीकडे अकोल्याला गेले होते. पुंडलिकभाऊंच्या मुलीचं घर तिथून जवळ आहे हे मला माहीत होतं. दोन दिवस जाऊ की नको करत राहिले. तिसऱ्या दिवशी गेले. ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खूप बारीक झाले होते. मुलीनं चहा दिला आणि ती आत गेली. आम्ही चहा प्यालो. मग तेच बोलले.

"गुरुजीची माय गेली. सांगतलं का कोनं तुमाले?"

"नाही."

"झोपेतच गेली. धारनीहून आल्यावर वर्सभर चांगली होती." कपबशी त्यांनी जमिनीवर ठेवायचा प्रयत्न केला, वाकता येईना, मी घेतली. "एक इचारू, कांताबाई? मंगळवारी काहून नाही सांगतलं?"

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, तरी त्यांना सांगताना शब्द हळूहळू आले.

"तुमाले उठता येत नव्हतं ते मी पाह्यलं होतं," मी म्हटलं. "ते सांगितल्याशिवाय नटाचं सांगता येत नव्हतं."



"मले बी तेच नव्हतं सांगाचं," ते म्हणाले. "कोनालेच." मग म्हणाले, "दोघायनं मिळून त्या म्हातारीले घाटात लोटलं असतं आपुन."

"हो," मी म्हटलं.

"तुमी तरी शुक्रवारी आल्या. मी तं पत्री टाकत होतो."

 ऊन उतरायला लागलं होतं. मी निघते म्हणाले. त्यांनी पोहोचवायला यायचं म्हणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मी हातात पिशवी धरून, मुद्दाम दुसरीकडे, भिंतीवरच्या वेलाकडे पाहत उभी राहिले.

"भिंतीकडं काय पाहून राहिल्या, कांताबाई?" ते म्हणाले. "हात द्या ना."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात दिला. त्यांनी मनगट घट्ट धरलं, ओढ घेतली आणि उभे राहिले. माझ्या अंदाजापेक्षा जड होते. फाटक वीस-पंचवीस पावलांवर होतं. तिथे पोहोचेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.